समुद्र कुठं गेला बाप्पा?

मागच्या अंकात मी एका ओळीत सहज लिहून गेले की समुद्रकाठचे जुने ग्रीक-रोमन अवशेष बघत फिरणं हा माझा आवडता उद्योग आहे, आणि तेवढ्यावरनं इतकी पत्रं आली की मीच चाट पडले. देशाच्या बरोब्बर मध्यात राहणारे आपण, नागपूरच्या फुटाळा तलावावर वारा सुटून दोन लाटा आल्या तरी मोबाईल काढणारे, आपल्यालाच समुद्राचं जास्त वेड असणार म्हणा. बहुतेक पत्रं इटलीतल्या नेपल्सच्या किनाऱ्याबद्दल आहेत, तो भाग मी दोनदा फिरलेय, म्हणून या वेळी तेवढंच घेते. ग्रीस आणि तुर्कस्तानवाल्यांनी जरा धीर धरा.

प्रश्न: ताई, मी नुकताच रिटायर झालो, वय 60, मिसेस 57, तिचे गुडघे कुरकुर करतात. मुलगा जर्मनीत असतो, तिथून पुढे आठ दिवस आम्ही दोघंच इटलीला जाणार. यादी अशी आहे, नेपल्स, पाँपेई, हर्क्युलेनियम, पेस्तुम, कॅप्री, अमाल्फी, मग सिसिलीत अग्रिजेंतो आणि सिराकुझा, आणि परतताना अथेन्स. जमेल नं? (बजाजनगर)

उत्तर: दादा, राग मानू नका, नाही जमणार. म्हणजे गाडीच्या खिडकीतून जमेल. आठ दिवसांत नऊ ठिकाणं म्हटलं की रोज सकाळी बॅग भरा, स्टेशनवर जा, रूम शोधा, आणि हे सगळं काकूंच्या गुडघ्यांना घेऊन. सिसिली आणि अथेन्स आत्ताच खोडून टाका, तो वेगळा प्रवास आहे आणि त्याला वेगळे पंधरा दिवस लागतात. नेपल्सला नाहीतर सालेर्नोला एकच रूम घ्या, बॅग एकदाच उघडा आणि रोज सकाळी ट्रेननं एका ठिकाणी जाऊन संध्याकाळी परत या. कॅप्री-अमाल्फी दिसायला फार सुंदर आहेत पण पायऱ्याच पायऱ्या, काकूंना विचारून ठरवा.

पाँपेई म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन शहर, त्याबद्दल आधी गुडघ्यांचंच सांगते. तिथले रस्ते मोठाल्या काळ्या दगडांचे आहेत, वरखाली, आणि त्यात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या. चाकोरी चाकोरी आपण बोलताना म्हणतो, इथं ती खरीखुरी दगडात घासली गेलेली दिसते, चांगली चार बोटं खोल. रस्ता ओलांडायला मधे उंच दगड ठेवलेत, पावसापाण्यात आणि घाणीत पाय भरू नयेत म्हणून, आणि त्यांच्यामधली फट एवढीच की गाडीची चाकं बरोब्बर जावीत. बघायला भारी, चालायला वाईट. म्हणून तुम्ही मुख्य दरवाजातून न जाता अँफिथिएटरच्या बाजूच्या दरवाजातून आत जा, तिथून ज्यांना चालायला त्रास होतो त्यांच्यासाठी सपाट केलेला तीन किलोमीटरच्या वर रस्ता आहे, व्हीलचेअरसुद्धा जाते. सगळं शहर बघायचा हट्ट नको, ते 66 हेक्टरचं आहे आणि त्यातला तिसरा हिस्सा अजून खोदलेलाच नाही. 2024 च्या नोव्हेंबरपासून दिवसाला 20,000 लोकांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, तेव्हा बुकिंग आधी करा आणि पासपोर्ट सोबत ठेवा.

आता माझी एक सवय सांगते. आमचे हे पहिल्यांदा पाँपेईला आले तेव्हा 'पोर्ता मरीना' अशी पाटी वाचून, म्हणजे समुद्राचा दरवाजा, दुर्बीण वगैरे काढून उभे राहिले. समोर बसस्टँड, संत्र्याच्या ज्यूसचे ठेले, हॉटेलं. इकडेतिकडे बघून म्हणाले, "समुद्र कुठं गेला बाप्पा?" मी हसले, पण तो प्रश्न बरोबर होता. इ.स. 79 ला व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला तेव्हा एवढी राख आणि दगड पडले की किनाराच पुढे सरकला, आज समुद्र तिथून दोनेक किलोमीटर लांब आहे. तेव्हापासून मी कुठल्याही अशा गावात गेले की देवळं, थिएटर नंतर, आधी विचारते की त्या काळी पाणी कुठवर होतं. ते एकदा कळलं की बाजार तिथंच का, दरवाजा इकडेच का, श्रीमंतांची घरं त्या कडेला का, हे आपोआप उलगडत जातं. तुम्ही पण करून बघा.

आणि दादा, तुमच्या यादीतलं एकच ठिकाण ठेवायचं असं कोणी म्हटलं तर मी पेस्तुम ठेवीन. नेपल्सहून ट्रेननं सव्वा-दीड तास, स्टेशनवरून दहा-पंधरा मिनिटं सपाट रस्ता, गुडघेवाल्यांना एकदम बेस्ट. हे ग्रीकांनी इ.स.पू. 600 च्या आसपास वसवलेलं गाव, नाव पोसेइडोनिया, म्हणजे समुद्रदेवाचं गाव, पुढे रोमनांनी पेस्तुम केलं. हिरव्या गवतात तीन देवळं उभी आहेत, अथेन्सचं पार्थेनॉन सुरू व्हायच्या शंभर वर्षं आधीचं एक आहे त्यात. ते सगळ्यात जुनं, हेरा देवीचं, इ.स.पू. 550 च्या सुमाराचं, त्याच्या पुढच्या बाजूला खांब मोजा. नऊ येतात. विषम आकडा, म्हणजे मधोमध दार यायला पाहिजे तिथं नेमका खांब! आपल्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या वाड्याच्या दाराच्या मधे कोणी खांब रोवला तर घरमालक गवंड्याला काय म्हणेल? पण त्यांचे प्रयोग चालू होते तेव्हा, नियम पक्के व्हायचे होते. खांब मधेच पोट सुटल्यासारखे फुगलेत आणि वरच्या दगडी उशा भारानं दबून पसरल्यागत दिसतात. शेजारीच शंभरेक वर्षांनी बांधलेलं दुसरं हेराचं देऊळ आहे, त्याला पुढे सहा खांब, सगळं मापात. दोन्ही एका नजरेत दिसतात. मला ते पहिलं, चुकत शिकणारं जास्त आवडतं.

तिथल्या म्युझियममध्ये 1968 ला सापडलेली एक थडग्याची पेटी आहे, दगडी. तिच्या झाकणावर एक नागडा पोरगा उंचावरून पाण्यात सूर मारतोय असं चित्र आहे, हात पुढे, मान थोडी वर. ते चित्र झाकणाच्या आतल्या बाजूला आहे, म्हणजे पेटी बंद झाल्यावर ते फक्त आत झोपलेल्यालाच दिसणार. मी तिथं किती वेळ उभी होते कोण जाणे, गार्ड येऊन बघून गेला.

व्हिसाचंही तुमच्यासाठीच सांगून टाकते कारण मुलगा जर्मनीत म्हणालात. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे मागायचा, म्हणजे लेकाकडे महिनाभर राहून इटलीत आठ दिवस असाल तर अर्ज जर्मनीचाच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटची मुदत पंधरा दिवस, पण पंधरा दिवसांवर कोणी जाऊ नका. इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतो.

प्रश्न: लाखो रुपये घालवून दुसऱ्यांचे पडके दगड काऊन पाहायचे? आपलं मनसर काय वाईट आहे? (रामटेक)

उत्तर: काहीच वाईट नाही हो. उलट मी तर म्हणते की ज्यानं मनसरची टेकडी चढून वाकाटकांच्या विटा हात लावून पाहिल्या नाहीत त्यानं पाँपेईचं तिकीट काढूच नये, कारण पडक्या भिंतीतून घर कसं ओळखायचं ही नजर आधी आपल्याकडेच तयार होते. सीताबर्डीचा आपला अजब बंगला, म्हणजे म्युझियम, 1863 साली सुरू झाला आणि त्याच वर्षी पाँपेईत जुझेप्पे फिओरेल्ली नावाच्या माणसानं राखेतल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून मेलेल्या माणसांचे ठसे काढायला सुरुवात केली. असाच एक योगायोग, पण मला गंमत वाटते.

पण 'दुसऱ्यांचे' दगड म्हणालात, तिथं मात्र मी तुम्हाला अडवणार. 1938 साली पाँपेईच्या एका मुख्य रस्त्यावरच्या घरात हस्तिदंताची एक बाई सापडली. वीतभर उंचीची. अंगावर दागिनेच दागिने, कमरेला मेखला, पायात खालपासून वरपर्यंत वळी, एक हात मागे वेणीकडे नेलेला, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी. सापडली तेव्हा लक्ष्मी म्हणाले, आता बरेच जण यक्षी म्हणतात. तशाच हस्तिदंती बाया कुठं मिळाल्यात माहितीये? जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, आणि तेरला. म्हणजे व्हेसुव्हियस फुटायच्या आधीच आपल्या सातवाहनांच्या मुलखातल्या कारागिरीशी सख्खं नातं सांगणारी एक बाई समुद्रमार्गे पाँपेईच्या कोणाच्या तरी घरात जाऊन बसली होती. आज ती नेपल्सच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये आहे, 'गुप्त दालन' म्हणतात त्या खोलीत, जिथं एकेकाळी चावट म्हणून ठरवलेल्या वस्तू कुलपात ठेवत. आपल्याकडे देवळाच्या खांबावर उघड्यावर दिसतात तशा बाईला त्यांनी कुलपात घातलं, आता काय म्हणावं. नीट बघाल तर डोक्यातून खाली एक भोक पाडलेलं आहे, त्यामुळे ती नुसती मूर्ती नव्हती, आरशाची मूठ असेल किंवा एखाद्या नाजूक टेबलाचा पाय असेल असं म्हणतात. हे म्युझियम मंगळवारी बंद असतं. मी मंगळवारीच गेले होते पहिल्यांदा, चूक माझीच, दाराला हात लावून परत आले.

आणि येणंजाणं एकतर्फी नव्हतं. कार्ल्याच्या लेण्यात जाल तेव्हा खांबांवरचे लेख कोणाकडून वाचून घ्या, यवनांनी, म्हणजे तेव्हाच्या ग्रीकांकडच्या लोकांनी दान दिलेले खांब आहेत तिथं. तेव्हा दगड दुसऱ्यांचे बिसऱ्यांचे काही नाही, जावई-व्याह्यांचे म्हणा.

प्रश्न: आमची क्रूझ नेपल्सला फक्त आठ तास थांबते. त्यात पाँपेई उरकेल का? की जहाजावरचीच टूर घ्यावी? (मनीषनगर)

उत्तर: 'उरकेल' म्हणताय म्हणजे उत्तर तुम्हीच दिलंत. आठातला एक तास उतरण्यात, एक तास परत चढायच्या धास्तीत, मग राहिलं काय? हर्क्युलेनियमला जा. लोकलनं वीसेक मिनिटं, स्टेशनवरून सरळ उतारावर दहा मिनिटं चाललं की आलंच. छोटं आहे, दोन-अडीच तासांत नीट बघून होतं, कारण जुन्या गावाचा बराचसा भाग अजून आजच्या गावाच्या खाली आहे आणि वर लोकांचे कपडे वाळत असतात.

इथं पाँपेईपेक्षा वेगळं झालं. पाँपेईवर चार ते सहा मीटर राख-दगड पडले, इथं जळजळीत राखेचे लोंढे येत गेले आणि गाव वीस मीटर खाली गाडलं गेलं. तेवढ्या खोलात हवा नाही, म्हणून लाकूड कोळसा होऊन का होईना पण टिकलं. लाकडी पार्टिशन, पलंग, माळ्याच्या तुळया, चक्क दोन हजार वर्षांची सुतारकी. आणि समुद्र? तुम्ही गावाच्या कडेला एका कठड्याशी उभे राहता, खाली बघता तर खोल खड्डा आणि त्यात कमानीच्या खोल्यांची रांग. ते त्यांचे बोटी ठेवायचे गाळे, आणि त्यांच्यासमोर होता समुद्रकिनारा. बोटीची वाट बघत तिथं आलेल्या सुमारे 300 लोकांचे सांगाडे 1980 नंतर त्या गाळ्यांत आणि वाळूवर सापडले, आता प्रतिकृती ठेवल्यात. 2024 पासून त्या किनाऱ्यावर उतरून चालता येतं. पायाखाली वाळू आहे, समोर समुद्र असायला पाहिजे, आणि समोर आहे राखेची घट्ट झालेली वीस मीटरची भिंत. मी फार काही लिहीत नाही त्यावर.

जहाजाच्या टूरचं म्हणाल तर फायदा एवढाच की टूरला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुम्हाला एकट्याला झाला तर थांबत नाही. स्वतः जाणार असाल तर जहाज सुटायच्या दोन तास आधी परत बंदरात, आणि लोकलमध्ये पर्स पोटाशी धरा. आमच्या यांचं पाकीट असंच एका गर्दीत गेलं, कसं गेलं ते कळलंसुद्धा नाही, नंतर पोलीस स्टेशनात अर्धा दिवस गेला.

प्रश्न: माझा मुलगा सहावीत आहे. अजिंठ्याला नेलं तर दहा मिनिटांत "झालं का गं?" सुरू. त्याला या दगडांत काय दाखवू? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर: त्याला पोत्सुओली आणि बाया ही नेपल्सजवळची दोन गावं दाखवा, आणि जाण्याआधी काही सांगू नका, कोडं घाला.

पोत्सुओली नेपल्सच्या पश्चिमेला, लोकलनं जाता येतं. रोमनांचं हे मोठं बंदर होतं, पूर्वेकडचा माल इथं उतरायचा, त्यात आपल्याकडची मिरी पण आली. गावाच्या मधे खड्ड्यात एक जागा आहे, वर्षानुवर्षं लोक सेरापिस देवाचं देऊळ म्हणत होते कारण त्याची मूर्ती तिथं मिळाली, पण निघाली मंडई. त्यांचं कॉटन मार्केट म्हणा ना. तीन उंच संगमरवरी खांब उभे आहेत. मुलाला म्हणावं, नीट बघ आणि वेगळं काय दिसतं ते सांग. खालचे बारा फूट खांब गुळगुळीत, आणि त्याच्यावर नऊएक फुटांचा एक पट्टा भोकंच भोकं, लाकडाला भुंगा लागावा तसा. त्याच्यावर पुन्हा ठीकठाक. ही भोकं कोणी पाडली? उत्तर आहे समुद्रातले दगड पोखरणारे शिंपले. पण शिंपले इतक्या उंच चढले कसे? चढलेच नाहीत, खांबच खाली गेले! उभेच्या उभे, जमिनीसकट समुद्रात बुडले, बुंधे गाळात पुरलेले म्हणून तेवढे वाचले, शिंपल्यांनी वरचं पोखरलं, आणि नंतर जमीन पुन्हा वर आली. चार्ल्स लायेल नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं 1830 मध्ये आपल्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर या तीन खांबांचं चित्र छापलं होतं, एवढा हा पुरावा मोठा.

आणि हे संपलेलं नाही. गावाखाली ज्वालामुखीचा भलामोठा कढईसारखा भाग आहे, तो कढीला उकळी आल्यासारखा फुगतो आणि बसतो. 1982 ते 84 च्या दरम्यान जमीन जवळजवळ 1.8 मीटर वर आली, आताही वर येऊन राहिली आहे आणि मधूनमधून भूकंपाचे धक्के बसतात, म्हणून जायच्या आदल्या दिवशी तिथल्या बातम्या बघून घ्या. बंदरावर पोराला घेऊन उभ्या राहा, बोटी बांधायचा धक्का पाण्यापासून किती उंच राहिलाय ते त्यालाच दिसेल. इथं समुद्र गेला नाही, जमीनच उठून बसली.

बायाला उलटं. रोमच्या बड्या लोकांचं हे चैनीचं गाव, बादशहांचे बंगले, गरम पाण्याचे हौद, आणि आज त्यातलं बरंच पाण्याखाली आहे. काचेच्या तळाची बोट मिळते, खाली भिंती, फरशीवरची नक्षी, पुतळे दिसतात. पुतळे नकली आहेत, खरे तिथल्या किल्ल्यातल्या म्युझियममध्ये, पण हे पोराला बोटीतून उतरल्यावर सांगा. समुद्र खवळलेला असला की बोट जात नाही आणि पाणी गढूळ असलं तर काही दिसत नाही, तेव्हा एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवा.

प्रश्न: आम्ही 46 डिग्रीतले लोक. जुलैमध्ये तिकीट स्वस्त मिळून राहिलंय, जाऊ का? (गोकुळपेठ)

उत्तर: खिशात कांदा घेऊन जाणार का? इथं आपण 46 मध्ये दुपारी बाराला दगडावर चार तास फिरत नाही, कूलरसमोर बसतो. पाँपेईत सावली नावालाच आहे. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बघा. रिकामी बाटली मात्र न्या, रस्त्याच्या कोपऱ्यांवर दगडी हौद आहेत त्यातल्या काहींना आजही प्यायचं पाणी येतं. ऑक्टोबर म्हटलं म्हणून आठवलं, तो स्फोट 24 ऑगस्टचा असं आपण वाचत आलो, पण 2018 ला भिंतीवर कोळशानं खरडलेली एक तारीख सापडली, 17 ऑक्टोबरची, त्यामुळे आता बरेच अभ्यासक स्फोट ऑक्टोबरमधलाच मानतात. कोणीतरी सहज भिंतीवर खरडलं आणि पुस्तकं बदलायची वेळ आली.

प्रश्न: आठवण म्हणून एक छोटासा खडा आणला तर? एवढं पडलंय, कोणाला कळणार? (वर्धमाननगर)

उत्तर: नाही. गुन्हा आहे. आणि ज्यांनी आणले त्यातले कित्येक जण नंतर "आमच्यामागे साडेसाती लागली" अशी चिठ्ठी लिहून पाँपेईला पार्सलनं परत पाठवतात, हे खरं आहे. पार्सलचा खर्च वाचवा.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी. सोबत किती दिवसांची पुडाची वडी न्यावी? (लक्ष्मीनगर)

उत्तर: पुडाची वडी दुसऱ्या दिवशी रबर होते, चिवडा-दशम्या न्या. तसे हाल होत नाहीत, ते लोक वांगी, बीन्स, टोमॅटो, पालेभाज्या भरपूर खातात. चीजचं मात्र विचारून घ्या. पेस्तुमच्या आसपास म्हशीच म्हशी, आपल्यासारख्याच काळ्या, चिखलात बसलेल्या, आणि त्यांच्या दुधाचं मोझरेला जगप्रसिद्ध, पण ते नासवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी पिझ्झा मरिनारा मागायचा. नाव ऐकून दचकू नका, मरिनारा म्हणजे दर्यावर्दींचा, पण त्यावर असतं काय तर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. चीज नाही, मासा नाही. आमच्या यांनी ताटलीत वाकून बघितलं आणि पुन्हा तेच म्हणाले.